बर्फाचं पाणी होईपर्यंत

जळत्या घरातून सगळ्यात शेवटी बाहेर आला तो बिराप्पा दबडे, आणि त्याच्या दोन्ही हातांत स्टोव्ह होता.

मी आणि हवालदार निकम बाहेर बर्फात उभे होतो. हवालदारांनी वायरलेस सेट छातीशी धरला होता. माझ्या काखेत झोपायच्या दोन पिशव्या होत्या, दुसरं काही माझ्या हाताला लागलं नव्हतं. बिराप्पा एकदा बाहेर येऊन रॉकेलचा एक डबा ठेवून गेला होता. आम्ही नको नको म्हणत असताना तो पुन्हा आत शिरला. परत आला तेव्हा त्याच्या जॅकेटचं नायलॉन वितळून छातीला चिकटलं होतं आणि हातमोज्यांतून धूर निघत होता. त्यानं स्टोव्ह आधी नीट सरळ ठेवला आणि मग गुडघ्यांवर बसला. मी त्याला बर्फात आडवा पाडला आणि त्याच्या अंगावर ओंजळीनं बर्फ टाकत राहिलो.

"कशाला गेलात अण्णा परत?"

"मग पानी कशावर करनार हुतास? तुज्या डोस्क्यावर?"

सकाळी बुखारीनं, म्हणजे खोली गरम ठेवायच्या शेगडीनं, एकाएकी भडका घेतला होता. आमची चौकी म्हणजे ग्लेशियरच्या वरच्या अंगाला, एका धारेवर टेकलेलं फायबरचं एक घर. ते कागदासारखं पेटलं. घरामागं रॉकेलचे डबे रचलेले होते, तेही गेले. आम्ही एरवी पाच जण असायचो. दोघं टपाल आणि औषधं आणायला खाली गेले होते, आणि ते गेल्यावर वादळ सुरू झालं होतं. उरलो तिघं.

मी तेव्हा बावीस वर्षांचा होतो. शिराळ्याकडचा, बारावी सायन्सला नापास होऊन भरती झालेला. ग्लेशियरवर पहिल्यांदाच आलो होतो. हवालदार दौलत निकम साताऱ्याचे, मोजकं बोलणारे. बिराप्पा हुद्द्यानं नाईक होता, पस्तिशीचा, जतच्या पूर्वेकडच्या एका धनगर वस्तीवरचा. त्याला आम्ही सगळेच अण्णा म्हणायचो. वर आल्यावर मला जे काही आलं ते त्यानं शिकवलं. बर्फ वितळवायचा तो कसा, हेसुद्धा.

"रिकाम्या भांड्यात नुस्ता बर्फ घालायचा न्हाई," त्यानं पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. "भांडं करपतं. थोडं पानी तळाला ठिवायचं. इरजण म्हन त्याला. त्या पान्यात मग बर्फ सोडायचा." आणि दुसरी गोष्ट: "कितीबी तहान लागू दे, बर्फ तोंडात घालायचा न्हाई. तो वितळाय ऊब मागतो. स्टोव्हची न्हाई मिळाली की तुजी घेतो. पोटातली चूलच इझवतो बघ."

आम्ही त्याला राशनच्या गुहेत नेलं. बर्फातच खोदलेली ती जागा होती, तीन माणसं आडवी होतील एवढी. डबाबंद जेवण तिथं भरपूर होतं, एक भांडं, मग आणि फावडंही होतं. औषधाची पेटी मात्र घरात होती, ती जळाली. हवालदारांनी आपला स्वच्छ बनियन फाडून बिराप्पाच्या हातांना गुंडाळला. छातीला हात लावायची हिंमत दोघांनाही झाली नाही. झोपायच्या एका पिशवीत त्याला घातलं, दुसरी आम्ही दोघांनी पायांवर घेतली.

सेटवर खालून उत्तर आलं. हवा निवळल्याशिवाय हेलिकॉप्टर उडणार नाही. चालत कोणाला पाठवायचं तर उतारावर नवा बर्फ साचलाय, कधीही सुटेल. थांबा, असं सांगितलं.

हवालदारांनी सेट बंद केला, रॉकेलचा डबा उचलला आणि कानाजवळ नेऊन हलवला. तो अर्ध्याच्या खाली होता.

"शेक घ्यायला स्टोव्ह पेटवायचा नाही," ते म्हणाले. "फक्त पाण्याला."

भाजलेल्या माणसाला किती तहान लागते ते मला माहीत नव्हतं. पहिला मग बिराप्पानं श्वास न घेता संपवला. दुसराही. मग जीभ ओठांवरून फिरवत तो भांड्याकडं बघत राहिला. मी भांड्यात पुन्हा बर्फ टाकला. बाहेर जितका म्हणाल तितका होता. डोंगर, दरी, आकाश, सगळं पाणीच होतं आणि एक घोट पिता येत नव्हता. निळी ज्योत भांड्याच्या बुडाला लागत होती. पाण्यात बर्फाचे गोळे तरंगत होते. मी बोट घालून बघितलं तर पाणी मघाइतकंच थंड. बर्फ टाकावा, तो खाली बसावा, पुन्हा टाकावा. ज्योत चालूच होती.

"एवढा वेळ का लागतोय?" हवालदारांनी विचारलं.

"असंच होतं हवालदार. बर्फाचा शेवटचा खडा विरघळेपर्यंत पाणी तापतच नाही. दिलेली सगळी उष्णता नुसतं बर्फाचं पाणी व्हायलाच जाते. अप्रकट उष्मा म्हणतात त्याला. एक ग्रॅम बर्फाला ऐंशी कॅलरी. तेच पाणी पुढं उकळीला न्यायला शंभर."

"म्हणजे नुसतं वितळवण्यातच जवळजवळ एका उकळीचं रॉकेल जातं."

"हो."

"हे पास झालेल्याला कळतं का नापास झालेल्याला?"

बिराप्पा पिशवीतून हसला. हसताना छाती ताणली तसा कळवळला. जरा वेळानं म्हणाला, "म्हंजी आदी त्यो पितो, मग आपल्याला देतो. आमच्याकडच्या टँकरवाल्यावानी."

त्यानंतर आम्ही पाणी तापवलं नाही. बर्फ विरघळला की स्टोव्ह बंद. थंडगार पाणी प्यायचं आणि दातांच्या कळा सोसायच्या.

दुसऱ्या दिवशी वारा वाढला. गुहेचं तोंड सारखं बुजत होतं आणि मी फावड्यानं ते मोकळं करत होतो. बिराप्पाला ताप चढला होता. दर थोड्या वेळानं तो म्हणायचा, "पानी." मोठ्यानं नाही. कुणाला उठवायला नको अशा आवाजात. हवालदारांनी वाटणी ठरवली होती. त्याला एक मग, आम्हा दोघांत अर्धा. पण त्याला एका मगानं काय होणार? पाणी त्याच्या अंगातून कुठं जात होतं देव जाणे. भाजलेल्या छातीतून, घामातून, श्वासातून. हवालदार दर वेळी डबा हलवायचे आणि दर वेळी आवाज पातळ यायचा.

तेव्हा मला बाटली सुचली. प्लॅस्टिकची पाण्याची बाटली होती. तिच्यात बर्फ दाबून भरला, वरून चमचाभर पाणी घातलं आणि ती कोटाच्या आत, शर्टाच्याही आत, पोटाला लावून ठेवली. पहिल्यांदा श्वासच अडकला. मग कुणी आतून चिमटा घेऊन धरल्यासारखं वाटत राहिलं. बऱ्याच वेळानं बाहेर काढली तर कपभर पाणी झालं होतं. हवालदार डोळे मिटून पडले होते. मी ते बिराप्पाला पाजलं.

"ह्ये कुठलं?"

"मघाचं राहिलेलं."

तो प्यायला. मी बाटली पुन्हा भरली. दुपारपर्यंत तीन वेळा भरली असेल. तिसऱ्या वेळी मला थंडी वाजायची थांबेना. दातावर दात आपटायला लागले तसे मी तोंडात रुमाल धरला. झाकण फिरवायला बोटं वळेनात, म्हणून दातांनी फिरवलं. मग त्याच्या तोंडाला लावताना माझी बोटं त्याच्या हनुवटीला लागली.

"तुजी बोटं अशी का?" त्यानं विचारलं.

"बाहेर गेलो होतो, फावडं मारायला."

तो माझ्याकडं बघत राहिला. तापानं डोळे लाल झाले होते, पण नजर साफ होती. मग पाणी पूर्ण न पिता त्यानं तोंड फिरवलं.

"ऱ्हाऊ दे. तू पी."

"तुम्हीच प्या अण्णा."

"पी म्हनतो ना."

मी ते प्यायलो नाही. ठेवून दिलं.

गुहेचं तोंड पुन्हा बुजलं होतं. मी ते मोकळं करून बाहेर गेलो. भांड्यासाठी स्वच्छ बर्फ आणायचा तर थोडं लांब, जळालेल्या घराच्या पलीकडं जावं लागे. इकडं काजळी पसरली होती. वाट चुकू नये म्हणून बांधलेला दोर धरून गेलो, दोर धरून आलो. आत आलो तेव्हा हवालदार बिराप्पाच्या उशाशी बसले होते. मी आल्यावर ते उठले आणि आपल्या जागी जाऊन बुटाची नाडी सोडायला लागले. ती सोडून त्यांनी परत बांधली.

"धोंडी," बिराप्पा म्हणाला, "पानी नगं आता. बर्फ दे."

"बर्फ? तुम्हीच तर सांगितलंत की बर्फ खायचा नाही."

"ते धडधाकट मानसाला. मी भाजल्यालो हाय. आत नुस्ती आग लागलीया बघ. पान्यानं जात न्हाई ती. मला गार पायजे."

"पण अण्णा..."

"थोडा थोडा दे. तुज्या हातानं दे."

मी हवालदारांकडं बघितलं. त्यांची पाठ माझ्याकडं होती. मान न वळवता ते म्हणाले, "दे त्याला."

मी भांड्यातला बर्फ चिमटीत घेतला आणि त्याच्या ओठांवर ठेवला. त्यानं तो जिभेनं आत ओढला. डोळे मिटले. घशाची हालचाल दिसली.

"लई गार," तो म्हणाला. "आनखी."

मी देत गेलो. सुरुवातीला चिमूट, मग सुपारीएवढा खडा. त्याच्या चेहऱ्यावरचा ताण उतरत होता. आगीनंतर पहिल्यांदाच त्याच्या कपाळावरच्या आठ्या गेल्या. मला वाटलं, याला हेच हवं होतं. आपण उगाच पाण्यासाठी जीव काढत होतो. बाटली रिकामी करून मी कोपऱ्यात ठेवून दिली. माझ्या अंगातली थरथर हळूहळू कमी झाली.

तो बोलायलाही लागला. वस्तीवरच्या मेंढरांचं बोलला. एक लंगडी मेंढी होती, ती कळपाच्या मागं राहायची, आणि त्याची बायको मायाक्का तिला शिव्या देत खांद्यावर घेऊन यायची. "शिव्या द्यायची आन् उचलायची," तो म्हणाला. "दोनी संगंच." मग हवालदारांना म्हणाला, "हवालदार, थंडी कमी झाली जनू."

"हो," हवालदार म्हणाले. "कमी झाली."

थंडी कमी झाली नव्हती. तोंडातून निघालेली वाफ गुहेच्या छताला चिकटून पांढरी होत होती. त्याचं कुडकुडणं मात्र थांबलं होतं. बोलणं जड झालं. एकदा त्यानं मला दुसऱ्याच नावानं हाक मारली, कदाचित भावाच्या. पिशवीची चेन खाली ओढायला त्यानं गुंडाळलेले हात हलवले. "उकडतंय," म्हणाला. मी चेन वर केली आणि पुन्हा एक खडा दिला. त्यानं तो घेतला. नंतर त्यानं आणखी मागितलं नाही, पण त्याचे ओठ उघडे होते, म्हणून मी देत राहिलो.

बाहेर अजून उजेड होता. गुहेच्या तोंडातून करडा, मळकट उजेड येत होता. किती वेळ गेला ते मला सांगता येणार नाही. हवालदारांचा हात माझ्या मनगटावर आला.

"बास, धोंडी."

"झोपलेत ते. ओठ कोरडे पडतील म्हणून..."

"बास. आता वितळत नाही तो."

मी बघितलं. शेवटचे दोन खडे त्याच्या जिभेवर तसेच होते, कडा न मोडलेले.

हवालदारांनी ते बोटानं काढले आणि त्याची हनुवटी धरून ठेवली. बराच वेळ धरून ठेवली. मग त्यांनी स्टोव्ह पेटवला, भांडं ठेवलं, आणि एकामागून एक बर्फ टाकत पहिल्यांदाच भांडं काठोकाठ भरलं. पाणी झालं तरी स्टोव्ह बंद केला नाही. ते उकळू दिलं. गरम पाण्याचा मग त्यांनी माझ्या हातात दिला.

"पी."

"मला नको."

"पी. हुकूम आहे."

मी प्यायलो. इतक्या वेळानं पोटात गरम काही गेलं आणि अंगाला ते आवडलं. त्याचा मला तेव्हाही राग आला होता, आजही येतो.

वादळ निवळायला आणखी वेळ लागला. त्या भांड्यावर आणि डब्यात उरलेल्या थेंबाथेंबावर आम्ही दोघं तगलो. हेलिकॉप्टर आलं तेव्हा हवालदारांनी आधी बिराप्पाला चढवलं.

खालच्या इस्पितळात माझ्या उजव्या पायाची तीन बोटं काढली. डॉक्टर तरुण होते, दक्षिणेकडचे, हिंदीत बोलायचे. ड्रेसिंग करताना मी विचारलं, आमचा नाईक इतका भाजला नसता तर वाचला असता का?

ते थांबले. म्हणाले, "त्याचं भाजणं वाईट होतं, पण एवढ्यानं माणूस दोन दिवसांत जात नाही. हात आणि छाती. इथं आला असता तर मी त्याला वाचवला असता, असं मला वाटतं. तो थंडीनं गेला. आतून गारठून." मग माझ्याकडं बघून म्हणाले, "तुम्ही तरी काय करणार होता."

हवालदार शेजारच्याच खाटेवर होते. डॉक्टर गेल्यावर मी त्यांच्याकडं वळलो.

"ऐकलंत?"

"ऐकलं."

"मी बर्फ दिला."

मी पुन्हा म्हणालो, "तुम्ही दे म्हणालात आणि मी दिला. तुम्हाला ठाऊक नव्हतं का, काय होतं ते?"

"ठाऊक होतं."

"आणि त्यांना?"

"त्यानंच तर तुला शिकवलं होतं."

ते उठून बसले. त्यांच्याही हातांना पट्ट्या होत्या. त्या मांडीवर ठेवून ते खालच्या आवाजात बोलले. "तू बर्फ आणायला बाहेर गेलास तेव्हा त्यानं मला जवळ बोलावलं. म्हणाला, पोरगं कोटात बाटली ठेवतंय. अंगावर बर्फ वितळवून मला पाजतंय. असंच चाललं तर माझ्या आधी तेच जाईल. मला त्यातलं काहीच माहीत नव्हतं. मग त्यानं विचारलं, रॉकेल किती आहे. मी डबा हलवून दाखवला."

"मग?"

"ऐकला आवाज त्यानं. म्हणाला, मग मला बर्फच द्या. मी म्हणालो, मी देतो. तर म्हणाला, नको, तुम्ही दिलात तर धोंडी आडवा येईल. मीच त्याच्याकडं मागतो. आग होतेय म्हणतो. त्याला खरं वाटेल."

"मला सांगायचं होतं तुम्ही. मी बाटली फेकून दिली असती."

"फेकली असतीस?"

मी पायाच्या पट्टीकडं बघितलं.

"नसतीस फेकली," ते म्हणाले. "त्यालाही ते कळलं होतं. मी हवालदार होतो, धोंडी. तिघं जाणार का एक, एवढंच माझ्या हातात होतं. तेही त्यानंच ठरवलं. मी नुसतं बरं म्हणालो."

यानंतर आम्ही त्यावर कधी बोललो नाही. ते पेन्शनीत गेले, गावी शेती केली, आणि पाच वर्षांपूर्वी वारले. मी त्यांच्या तेराव्याला गेलो होतो. तिथं लोक त्यांच्याबद्दल चांगलं बोलत होते, मीही बोललो.

बिराप्पाच्या वस्तीवर मी त्याच उन्हाळ्यात गेलो, काठी घेऊन. जतहून एसटीनं फाट्यापर्यंत, पुढं एका मोटारसायकलवाल्यानं सोडलं. मायाक्का दारातच होती. तिनं मला ओळखलं नाही. मी नाव सांगितल्यावर घोंगडं अंथरलं, चहा टाकला. पोरं शाळेला गेली होती. तिनं चहाचा कप माझ्या हातात दिला. मग समोर बसून तिनं विचारलं, "तुमी हुता न्हवं शेवटाला?"

"होतो."

"बोललं काय?"

"लंगड्या मेंढीचं बोलले. तुम्ही तिला शिव्या द्यायचात ते."

तिनं पदर तोंडाला लावला. थोड्या वेळानं म्हणाली, "आगीत गेलं म्हनून कळवलं सरकारनं. मी रोज इचार करतो, किती आग झाली आसंल. रात्रीचं चुलीकडं बघवत न्हाई."

खरं सांगायचं म्हणून मी गेलो होतो. वाटेत एसटीत सगळं मनात जुळवून ठेवलं होतं, कुठून सुरू करायचं तेसुद्धा. तिथं बसल्यावर त्यातला एकच तुकडा तोंडातून बाहेर पडला.

"शेवटी आग नव्हती त्यांना," मी म्हणालो. "बर्फ मागत होते. मी भरवत होतो. गार वाटतंय म्हणाले."

"तुमच्या हातानं?"

"हो. माझ्याच."

ती बराच वेळ माझ्या हातांकडं बघत राहिली. मग तिनं मोठा श्वास सोडला.

"लई बरं केलंसा," ती म्हणाली. "भाजल्या मानसाला गारच लागतं. आमी कुनी न्हवतो तिथं, पर तुमी हुता."

आणि वाकून तिनं माझ्या पायांना हात लावला. वयानं ती माझ्याहून दहा वर्षांनी तरी मोठी होती.